गिरणाकाठचे शिकारीचे रान व पुराखालील जमिनीची निगा

पाचोरा तालुक्यातील नदीकाठच्या गावांत एक पट्टा असा आढळतो की, त्यास धड शेत म्हणता येत नाही आणि धड जंगलही म्हणता येत नाही. नदीची दरड आणि काळ्या रानाची शेवटची सरी यांच्या दरम्यान हा पट्टा पसरलेला असतो. कोठे तो वीस-पंचवीस फूट रुंद असतो, तर कोठे घळींनी चिरत चिरत आत शेतापर्यंत शिरलेला असतो. बाभूळ, हिवर, बोर, निरगुडी, शिंदी आणि काशाचे गवत ही त्यातील नेहमीची वनस्पती होय. पूर्वी या रानाचे उपयोग मुख्यतः दोन असत: गुरे चारणे आणि शिकार करणे. त्यांपैकी गुरे कमी झाली आहेत आणि शिकार कायद्याने बंद होऊन पन्नासांहून अधिक वर्षे लोटली आहेत. रान मात्र तेथेच आहे. दर पावसाळ्यात त्यावरून पाणी जाते, आणि दर रात्री त्यातून रानडुकरे व रोही पिकांत उतरतात.

अशा जमिनीचे काय करावे, हा प्रश्न गावोगावच्या कार्यकर्त्यांपुढे येत असतो. काही शेतकरी ती दरडीच्या टोकापर्यंत नांगरून काढतात. काही तिच्याकडे पाठ फिरवून तिला वेड्या बाभळीच्या स्वाधीन करतात. या दोन्ही गोष्टींनी नुकसान होते. पहिल्या पद्धतीने जमीन नदीत जाते व दुसऱ्या पद्धतीने पीक डुकरांच्या तोंडी जाते. या पट्ट्यास शेत न मानता व पडीकही न मानता, राखीव रान म्हणून त्याची रीतसर निगा राखणे हा तिसरा मार्ग आहे. त्यासाठी लागणारी पुष्कळशी समज जुन्या शिकाऱ्यांपाशी होती. त्यांची बंदूक गेली ते योग्यच झाले. पण तिच्याबरोबर रान वाचण्याची त्यांची दृष्टीही गेली, आणि ती मात्र शेतकऱ्यास आज हवी आहे.

खानदेशातील नद्यांचे काठ एके काळी शिकारीसाठी फार प्रसिद्ध होते. १८१९ साली मद्रासच्या घोडदळातील जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या दरीत शिरला असता त्यास अजिंठ्याची लेणी दृष्टीस पडली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. (रानातील जनावरे धरण्याच्या जाळ्यासही मराठीत वाघूरच म्हणतात, हा एक मौजेचा योगायोग.) पुढे १८२५ मध्ये जेम्स औट्रम हा अधिकारी भिल्ल पलटण उभारण्यासाठी खानदेशात आला व धरणगावी राहिला. त्याने व त्याच्या सोबत्यांनी सुमारे दहा वर्षांत दोनशेहून अधिक वाघ मारले. चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा घाट आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. आज खानदेशाच्या सपाटीवर वाघ जवळजवळ उरलेला नाही. वाघ गेला त्यास केवळ बंदूक कारण झाली असे नव्हे. काठचे रान तुटत गेले, कापसाची लागवड वाढत गेली आणि वाघास दडण्यास जागा उरली नाही. डुक्कर व रोही यांवर वचक ठेवणारे मोठे जनावर नाहीसे झाले व खाणारे तेवढे राहिले. आजच्या तक्रारीचे एक मूळ येथे आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशू व पक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याअन्वये परवाना घेऊन, ठरलेल्या मोसमात शिकार करता येत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने हा काळ संपला. आज ससा, तितर, मोर, घोरपड, काळवीट, रोही, रानडुक्कर यांपैकी कशाचीही हौसेने अथवा मांसासाठी शिकार करता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या अनुसूची नव्याने बांधण्यात आल्या. रानडुक्कर व रोही दुसऱ्या अनुसूचीत, तर काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचा नाश करणाऱ्या दुसऱ्या अनुसूचीतील जनावराबाबत वन विभागाचा अधिकृत अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. परंतु ही परवानगी त्या अधिकाऱ्याने द्यावयाची असते. ती शेतकऱ्याने, सरपंचाने किंवा पोलीस पाटलाने गृहीत धरावयाची नसते. अशा परवानगीने मारलेले जनावरही सरकारी मालमत्ता ठरते व त्याचे मांस वाटून घेता येत नाही. ही गोष्ट गावात स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, कारण ‘परवानगी मिळाली म्हणजे शिकार मोकळी झाली’ असा समज अनेकदा आढळतो.

परदेशांत या बाबतीत वेगळी व्यवस्था आहे. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील पुराखाली जाणाऱ्या पुष्कळ जमिनी बदकांच्या शिकारीसाठी राखल्या जातात. तेथील शिकाऱ्यास १९३४ पासून दरवर्षी एक खास तिकीट विकत घ्यावे लागते व त्या पैशांतून पाणथळ जमिनी विकत घेऊन त्यांचे रक्षण केले जाते. म्हणजे तेथे पूरकाठचे रान राखण्याचा खर्च शिकारी देतो. आपल्याकडे तो देणारा कोणी नाही. तेव्हा येथील रानाने आपला खर्च गवत, सरपण व चारा यांतून, आणि मुख्यतः वाचलेल्या मातीतून भागविला पाहिजे. ते कसे साधते हे पाहण्यापूर्वी पुराचे स्वरूप समजून घेणे इष्ट आहे.

जळगाव जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा लहान दिसतो, परंतु पावसाचे दिवस थोडे असतात आणि एकाच रात्री फार मोठा पाऊस कोसळण्याचे प्रसंग येतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेतून उतरणाऱ्या हिवरा, बहुळा यांसारख्या नद्या लांबीने लहान व उताराने तीव्र आहेत. डोंगरावर पडलेले पाणी काही तासांत खालच्या गावी पोहोचते आणि तितक्याच लवकर ओसरते. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगाव येथे तितूर व डोंगरी या नद्यांना एका रात्रीत आलेल्या पुराने शहरात पाणी शिरले व गोठ्यांत बांधलेली जनावरे मोठ्या संख्येने वाहून गेली. अशा नदीकाठी इशारा मिळण्यास व गुरे सोडण्यास वेळच थोडा असतो.

गिरणेची गोष्ट निराळी आहे. ती सह्याद्रीतून कळवण तालुक्याच्या बाजूने येते, तिचे पाणलोट मोठे आहे आणि नांदगाव तालुक्यात तिच्यावर धरण आहे. हे धरण १९६९ मध्ये पूर्ण झाले. धरणामुळे दरसालचे लहान पूर पुष्कळ कमी झाले. ही सोय खरी, परंतु तिच्या पोटी एक धोकाही आला. कित्येक वर्षे धरण पूर्ण भरत नाही, नदी कोरडी राहते, आणि काठच्या लोकांस पात्राची रुंदी विसरावयास होते. मग पात्रालगत विहीर होते, पाइपलाइन जाते, केळीचा बाग उभा राहतो. २०१९ मध्ये बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर धरण काठोकाठ भरले, दरवाजे उघडले गेले, आणि नदीने आपली जुनी जागा पुन्हा मागून घेतली. दरसाल येणारा पूर शेतकऱ्यास सावध ठेवतो. दहा वर्षांनी येणारा पूर त्यास बेसावध गाठतो. लहान पूर बंद झाल्याचा दुसरा परिणाम असा की, पूर्वी कोवळी झुडपे पाण्याबरोबर उपटून जात असत ती आता जात नाहीत. पात्रातील वाळवंटे व काठ यांवर वेड्या बाभळीचे जे दाट रान माजलेले दिसते, त्यास हेही एक कारण आहे.

काठ कधी कोसळतो, याबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे. पाण्याच्या जोराने दरड तुटते असे मानले जाते व ते अंशतः खरे आहे. नदीच्या बाहेरच्या वळणावर पाणी दरडीचा पाया खातेच. परंतु पुष्कळशी दरड पूर चढताना कोसळत नाही, तर ओसरताना कोसळते. पूर असेपर्यंत काळी माती पाणी पिऊन जड होते, पण बाहेरच्या पाण्याचा दाब तिला तोलून धरतो. पाणी झपाट्याने उतरले की हा आधार निघून जातो व आतून ओथंबलेली माती स्वतःच्या वजनाने खाली बसते. म्हणून पूर उतरल्यावर दोन-तीन दिवस दरडीच्या कडेला गुरे नेऊ नयेत, मोटार ठेवण्यास उतरू नये व मुलांस पाणी पाहण्यास जाऊ देऊ नये. ज्या दरडीत मुळ्यांचे जाळे असते ती दरड सहसा एकदम बसत नाही. नांगरलेल्या दरडीत असे जाळे नसते. शेवटच्या दोन सऱ्यांतून मिळणारे पीक आणि त्या सऱ्यांमुळे जाणारी जमीन यांचा हिशेब ज्याने एकदा घातला, तो पुन्हा दरडीपर्यंत नांगर नेणार नाही.

या पट्ट्याची आखणी करावयाची तर प्रथम तो पायी फिरून पाहावा. हे काम आखाजीच्या सुमारास, गवत सुकलेले व पाने झडलेली असताना करणे सोयीचे. येथेच शिकाऱ्याच्या दृष्टीचा उपयोग होतो. शिकारी रानात शिरला की प्रथम तीन गोष्टी पाहत असे: जनावर दिवसा कोठे बसते, पाणी कोठे पिते आणि या दोहोंमधून चरावयास कोणत्या वाटेने जाते. रानडुक्कर दिवसभर दाट झुडपात सावलीस पडून असते. त्यास चिखलात लोळणे आवडते. लोळून उठल्यावर ते जवळच्या झाडाच्या बुंध्यास अंग घासते व बुंध्यावर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत चिखल वाळलेला दिसतो. त्याची दृष्टी बेताचीच, परंतु नाक अत्यंत तीक्ष्ण असते. रोही लेंड्या टाकण्यास पुनःपुन्हा त्याच जागी येतो, त्यामुळे लेंड्यांचे ढीग साचतात. असा ढीग ताजा असेल तर कळप जवळपास आहे असे समजावे. जनावरे सहसा ठरलेल्या वाटा सोडत नाहीत. घळीचे तोंड, कुंपणाचे भगदाड, ओढ्याचा उतार या ठिकाणी त्यांची पावले उमटलेली सापडतात. गावच्या नकाशाची एक प्रत घेऊन त्यावर बसण्याच्या जागा, पाणवठे व वाटा यांच्या खुणा केल्यास एका सकाळी असा तक्ता तयार होतो की, त्यावरून कोणाच्या शेतास अधिक धोका आहे हे आपोआप कळते. हा तक्ता करताना गावातील वृद्ध भिल्ल अथवा पारधी गृहस्थांस आदराने बोलवावे. त्यांच्याइतकी या वाटांची माहिती दुसऱ्या कोणास असण्याचा संभव थोडा.

तक्ता तयार झाल्यावर पट्ट्याचे तीन भाग मनाशी धरावेत. पात्रापासून दरडीच्या माथ्यापर्यंत व माथ्यापासून आत शक्य तितके, निदान ओढ्यास पंधरा-वीस फूट व गिरणेस पन्नास फूट, एवढी जागा कायमची न नांगरता ठेवावी. येथे मुळ्या हव्यात. दरडीच्या उतारावर वाळ्याचे ठोंब आडव्या ओळींनी लावावेत. वाळ्याची मुळे सरळ खाली सात-आठ फुटांपर्यंत जातात व पाण्याखाली बुडाला तरी तो कुजत नाही. त्याच्या वर निरगुडी व करंज, माथ्यावर देशी बाभूळ. देशी बाभूळ काही आठवडे पाण्यात उभी राहू शकते, खारवट जमीन सोसते, शेळ्यांस शेंगा व अवजारांस लाकूड देते. तिचे बी कठीण कवचाचे असते. शेळ्यामेंढ्यांच्या वाड्यात त्यांच्या पोटातून पडलेले बी गोळा करून पेरल्यास उगवण चांगली होते. तसे न मिळाल्यास ऊन पाण्यात घालून रात्रभर भिजत ठेवावे. शेताच्या बाजूस हिवर व बोर असू द्यावेत. हे सर्व दाट लावू नये. झाडाखालून नजर आरपार जावी इतके अंतर असले पाहिजे, म्हणजे पुराचे पाणी अडून तुंबत नाही आणि डुकरासही दडण्यास जागा राहत नाही.

त्याच्या आतील भाग गवताचा. मारवेल व पवन्या ही गवते येथे उत्तम येतात. मारवेल ठोंबांनी लावता येतो; राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाने त्याचे सुधारलेले वाण काढले आहेत. पहिली दोन वर्षे चराई बंद ठेवून गवत विळ्याने कापून न्यावे. कापणी बी पडल्यानंतर करावी व दरसाल निदान पाचवा हिस्सा पाळीपाळीने न कापता सोडावा. तितर व लावा जमिनीवर घरटे करतात. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत त्यांची वीण चालते, आणि सोडलेल्या पट्टीत त्यांची पिले तगतात. हे पक्षी वाळवी, कीटक व तणाचे बी खातात. त्यांना राखण्यात दया आहे तशी सोयही आहे. कुरण जाळू नये. जाळल्याने कुसळीसारखे निकस गवत वाढते, चांगले गवत मागे पडते व उघड्या पडलेल्या मातीवर पहिलाच पाऊस बसतो.

तिसरा भाग शेताचा, पण खालच्या शेताचा. जेथे पाच-सात वर्षांतून एकदा तरी पाणी येते तेथे खरिपात कपाशीवर खर्च करणे म्हणजे जुगार होय. अशा जमिनीत पावसाळ्यात ताग किंवा चाऱ्याचे पीक घ्यावे व पोळ्यानंतर वाफसा येताच दादर ज्वारी अथवा हरभरा पेरावा. पुराने आणलेला बारीक गाळ हे खतच होय. त्यावरील रब्बी पीक अनेकदा वरच्या रानापेक्षा सरस येते. मात्र वाळूचा जाड थर पडला असल्यास तो खरडून काढल्याशिवाय नांगर घालू नये, कारण खाली गाडलेली वाळू पुढे कित्येक वर्षे ओल धरू देत नाही.

आता वेड्या बाभळीविषयी. या झाडाने खानदेशच्या काठांवर जेवढी जागा व्यापली आहे तेवढी दुसऱ्या कोणी व्यापली नसेल. ते मूळचे अमेरिका खंडातील. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आले. सरपण देते, कोळसा चांगला होतो, हे त्याचे गुण. परंतु ते जमिनीलगत फांद्यांचा असा गुंता करते की, खाली गवत येत नाही, माणूस शिरू शकत नाही आणि डुकरास याहून चांगला वाडा मिळत नाही. डुकरी सुमारे चार महिन्यांच्या गर्भानंतर एका वेळी चार-सहा पिले देते. सुरक्षित झुडूप, पाणी व शेजारी मका असेल तर त्यांतील बहुतेक जगतात. म्हणजे डुकरांची संख्या वाढण्यास जंगल कारण नसून काठावरचे हे झुडूप व त्यास खेटून पेरलेले मऊ पीक कारण आहे. कुंपणावर पैसा घालण्यापूर्वी हा वाडा मोडला पाहिजे.

तो मोडताना दोन पथ्ये सांभाळावीत. वेडी बाभूळ नुसती तोडल्यास बुंध्यापासून पूर्वीपेक्षा दाट फुटते. म्हणून शेंगा पिकण्यापूर्वी, जमीन ओली असताना, जमिनीखाली एक फुटापर्यंत खणून बुडखा काढावा. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्या की बी सर्वत्र पसरते, ही गोष्ट विसरू नये. दुसरे पथ्य असे की, दरडीवरील झाडे एकाच साली काढू नयेत. वाईट असले तरी आज दरड त्याच मुळ्यांनी धरून ठेवली आहे. आधी शेताकडील अर्धा भाग मोकळा करावा, दरडीवर वाळा व निरगुडी धरल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी उरलेला काढावा. जमीन सरकारी किंवा गायरान असल्यास ग्रामपंचायतीचा ठराव व संबंधित खात्याची परवानगी घेतल्याविना कुऱ्हाड लावू नये.

झुडूप विरळ झाल्यावरही जनावरे येतीलच, पण मग उपाय लागू पडतात. काठाच्या रानास खेटून मका किंवा भुईमूग पेरू नये. ही पिके गावाकडील बाजूस घ्यावीत. रान व पीक यांच्यामध्ये पंधरा-वीस फूट जागा गवत कापून स्वच्छ ठेवावी. उघड्यावरून जाण्यास डुक्कर कचरते आणि राखणदारासही ते दिसते. मक्याभोवती एरंडीच्या चार ओळी, रब्बी पिकाभोवती काटेरी करडईच्या चार ओळी हा स्वस्त व निर्धोक उपाय आहे. एरंडीचा वास डुकराच्या नाकास चकवतो आणि करडईचे काटे त्याच्या तोंडास नकोसे होतात. सौर कुंपण करावयाचे असल्यास ते यंत्रातून क्षणाक्षणाने हलका धक्का देणारेच असावे व शक्यतो चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून एका वाटेवर घालावे. एकट्याने आपले शेत वेढले तर कळप शेजाऱ्याकडे वळतो आणि गावात भांडण मात्र उभे राहते.

घरच्या विजेच्या तारेचा आकडा टाकून शेताभोवती जिवंत प्रवाह सोडण्याची चाल मात्र कोणत्याही सबबीवर क्षम्य नाही. अशा तारेवर दरवर्षी राज्यात कोठे ना कोठे माणसे मरतात. पहाटे पाणी देण्यास निघालेला शेजारी, गुरे शोधावयास आलेला मुलगा, कित्येकदा तार लावणारा स्वतः. पूरकाठी ओल्या जमिनीत हा धोका अनेक पटींनी वाढतो. रानडुकरांसाठी गावठी बाँब ठेवणे हे याच जातीचे कृत्य असून त्याने गाईंचे व कुत्र्यांचे जबडे फुटतात. वन्यजीव कायद्याखाली शिकारीस तीन वर्षांपर्यंत व पहिल्या अनुसूचीतील जनावरासाठी सात वर्षांपर्यंत कारावास आहे. माणूस दगावल्यास सदोष मनुष्यवधाचा गुन्हा होतो तो वेगळाच. ज्या कार्यकर्त्यास गावात अशी तार आढळेल त्याने मालकाशी भीड न धरता बोलावे व न ऐकल्यास वीज कंपनीस कळवावे. तारेवाचून पीक जाईल असे जो म्हणतो त्याची अडचण खोटी नसते. त्याचे पीक खरोखरच जात असते. म्हणून त्यास नुसते दटावून परत येऊ नये. नुकसान झाल्याबरोबर, दोन-तीन दिवस जाऊ न देता, वन विभागाकडे लेखी अर्ज द्यावा, पावलांची व मोडलेल्या पिकाची छायाचित्रे घ्यावीत आणि पंचनामा होईपर्यंत शेत तसेच ठेवावे, हे सर्व कार्यकर्त्याने स्वतः उभे राहून करवून घ्यावे. नदीने जमीनच खाल्ली असेल तर वाहून गेलेल्या क्षेत्राचा आकार कमी करून मिळण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये आहे. त्यासाठी तलाठ्यांकडे, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज करावा लागतो. पाण्याखाली गेलेल्या मातीचा सारा भरणारे शेतकरी काठाकाठाने अद्याप पुष्कळ आहेत.

बिबट्याचा उल्लेख येथे करणे भाग आहे. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या बाजूस वरखेडे परिसरात बिबट्याने कित्येक माणसांचे बळी घेतले व डिसेंबरमध्ये त्यास गोळी घालावी लागली. बिबट्या उसात, केळीत व दाट झुडपात राहतो. कुत्री, शेळ्या व डुकराची पिले यांवर जगतो. काठाचे रान नजर जाईल असे मोकळे ठेवणे, संध्याकाळनंतर वाकून करावयाची कामे न करणे, शेळ्या बंदिस्त गोठ्यात ठेवणे व मेलेली जनावरे नदीत न टाकणे ही त्यावरील नित्याची सावधगिरी होय. बिबट्या दिसला म्हणजे तो नरभक्षक ठरत नाही. गर्दी करून त्यास घेरल्यानेच अपघात होतात.

पुराच्या वेळी रानातील जनावरांचे काय होते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. पाणी चढले की ससे, साप, घोरपडी, डुकरे सर्वच उंचवट्याकडे धावतात, आणि उंचवटा गावाचा किंवा शेताचाच असतो. पूर्वी अशा वेळी लोक काठ्या घेऊन जात व असहाय जनावरे मारीत. कायद्याने ती शिकारच ठरते. पट्ट्याची आखणी करताना जुना बांध, पडक्या विहिरीचा ढीग, एखादा टेकाडासारखा भाग न नांगरता सोडावा. जनावर तेथे थांबले तर ते गोठ्यात येत नाही व साप घरात शिरत नाही. पाणी ओसरल्यावर कडब्याच्या गंजीत हात घालण्यापूर्वी काठीने ठोकून पाहावे.

पूर कोठवर आला याची आठवण प्रत्येकजण वेगळी सांगतो व त्यावरून तंटे होतात. पाटबंधारे खात्याने ज्या नद्यांवर निळी व तांबडी पूररेषा आखली आहे तेथे अनुक्रमे पंचवीस वर्षांतून व शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा कळते. ती आपल्या गावापुरती तहसील कार्यालयातून पाहून घ्यावी. जेथे ती आखलेली नाही तेथे ग्रामपंचायतीने प्रत्येक मोठ्या पुरानंतर दुसऱ्याच दिवशी काठच्या जुन्या झाडांच्या बुंध्यांवर व देवळाच्या ओट्यावर पाण्याची खूण ऑइलपेंटने करावी व खाली तारीख लिहावी. चुन्याची खूण पुढच्या पावसात धुऊन जाते.